डॉक्टरांच्या बियरचं पाणी

नळाला पाणी येण्याआधी आवाज येतो, हे माझ्या नातीला सांगितलं तर तिला ती माझी थाप वाटते. आमच्या दारातल्या नळाला आधी खोकला यायचा. मग तो थोडा वेळ फुसफुसायचा, मग एक लांब शीळ घालायचा, आणि ती शीळ ऐकली की आत्या चुलीपुढून ओरडायची, "वैशे, उठ गं! नळ आला!" तिकडे साजगावच्या कारखान्याचा भोंगा वाजायचा, शिळफाट्याकडून घाट चढणाऱ्या ट्रकांचं कण्हणं ऐकू यायचं, पण मला जाग यायची ती त्या शिळेनंच. मग हंडे, कळश्या, बादल्या, आंघोळीचं पातेलं, जे हाताला लागेल ते नळाखाली. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं यायचं आणि त्याला टीसीएल पावडरचा वास असायचा. ग्रामपंचायतीचा शिपाई टाकीत ती पावडर टाकायचा, मोजून नाही, मनाला येईल तशी. ज्या दिवशी त्याचं बायकोशी भांडण झालेलं असेल त्या दिवशी डोळ्यांना पाणी यायचं, असं बाबा म्हणायचे.

एवढ्यावर आमच्या आत्याचं समाधान नव्हतं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती माहेरी परत आली, आणि आली त्या दिवसापासून घरातलं पाणी तिच्याकडे. आई स्वयंपाक बघायची, बाबा पगार आणायचे, आत्या पाणी बघायची. मी लहान असताना मला कावीळ झाली होती. पिवळीजर्द झाले होते म्हणे, अगदी झेंडूसारखी. मी उठले, खेळायला लागले, पण आत्याच्या मनातून ती कावीळ काही गेली नाही. नर्सबाई वाडीत फिरून पाण्यात टाकायच्या औषधाच्या छोट्या बाटल्या वाटायच्या. बाकीच्या घरांत त्या बाटल्या पत्र्याच्या फळीवर धूळ खात पडायच्या. आमच्या घरात ती बाटली आत्याच्या कनवटीला असायची. हंडा भरला की दोन थेंब. लग्नाकार्याला गेली तरी तिथल्या पिंपात कुणाचं लक्ष नाही असं बघून दोन थेंब. आमच्याकडे पाहुणा आला आणि पाणी प्यायला की त्याचा चेहरा जरासा वाकडा व्हायचा. आम्हाला कळायचंच नाही का ते. मला तर बाहेरचं पाणी बेचव लागायचं.

आता माझ्याबद्दल. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. नुसती घरातली नाही, भावकीतली. बी.एस्सी., रसायनशास्त्र. हे मी लाजत सांगत नाही, तेव्हाही लाजले नाही. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी कारखान्यातल्या सगळ्या पाळ्यांना पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून माझा धंदा सुरू झाला. कुणाच्या तांब्याच्या घागरीवर हिरवं चढलं, विचारा वैशीला. भाताला कसली फवारणी करायची, विचारा वैशीला. एका बाईनं तर सून नांदत नाही म्हणून विचारलं होतं. मी सगळ्यांना उत्तर द्यायची. सुनेचं सोडून.

नोकरीचं मात्र जमत नव्हतं. रसायनीच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत जागा होती. मी मुलाखतीला गेले. देसाई साहेब म्हणून मुख्य केमिस्ट होते. उंच, बारीक, ओठ कायम आवळलेले. त्यांनी माझे मार्क बघितले, मान हलवली आणि म्हणाले, "पुस्तक येतंय. हात येतो का, डोळा येतो का, ते कसं कळणार? अनुभव घेऊन या." अनुभव कुठे मिळतो ते त्यांनी सांगितलं नाही. घरी बाबांनी पेणच्या एका स्थळाचं बोलणं आणलं होतं. मुलगा वाईट नव्हता, पण मला त्याच्या मिठागराचा हिशेब बघत बसायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "होळीपातुर नोकरी लागली तर ठीक हाय. नायतर पेण." वाईट बोलले नाहीत ते. त्यांनी मला शिकवलं त्याचंच लोकांना नवल होतं. पण होळी समोर दिसत होती.

आणि अशा वेळी माझ्या आयुष्यात बियर आली.

आमच्या घराला लागून कर्जतच्या डॉक्टर जोगळेकरांचा जमिनीचा तुकडा होता. हे दातांचे डॉक्टर. तीन पिढ्या कर्जतमध्ये, आजोबा वकील, वडील शाळामास्तर, घर पुस्तकांनी भरलेलं. दर रविवारी ते स्कूटरवरून शेतावर यायचे, आंब्यांना पाणी घालायचे आणि पत्र्याच्या शेडमध्ये बसून मोठ्यानं नाट्यगीतं म्हणायचे. त्यांचा मुलगा जर्मनीत होता. त्यानं वडिलांना सुटीत तिकडे नेलं, कुणाच्या तरी तळघरात घरी केलेली बियर पाजली, आणि डॉक्टर बदलूनच परत आले. येताना बॅगेत माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, हॉप्स नावाची कडू सुकी फुलं आणि यीस्टची पाकिटं. दवाखान्यातून आले की त्या शेडमध्ये. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, घरात करायला साफ मनाई केली होती.

"परवाना आहे का?" असं बाबांनी एकदा विचारलं. बाबा कायद्याला घाबरून असायचे.

"आहे की," म्हणून डॉक्टरांनी पाकिटातून कागद काढून दाखवला.

बाबांनी तो लांब धरून वाचला. "हा तर पिण्याचा हाय, डॉक्टर."

"मग मी पिण्यासाठीच करतोय," डॉक्टर म्हणाले, आणि विषय मिटला.

पहिली बियर झाली. रंग सुंदर, फेस सुंदर. डॉक्टरांनी मित्रांना बोलावलं. मित्रांनी घोट घेतला आणि एकमेकांकडे बघितलं. एक वकील होते, ते शेवटी बोलले, "जोग्या, चूळ भरायची की गिळायची?" त्या बियरला दवाखान्याचा वास येत होता. जखमेवर लावायच्या औषधाचा, पट्टीचा, दात काढल्यावर तोंडात राहतो तसला. सगळे हसून गडाबडा लोळले. डॉक्टरांनी हात घासघासून धुतले, नखं कापली, कपडे बदलून शेडमध्ये जायला लागले. दुसरी बियर केली. तोच वास. आता कर्जतभर झालं की जोगळेकरांच्या हाताला असलेला वास बियरमध्ये उतरतो. पेशंट खुर्चीत बसून विचारायचे, "डॉक्टर, आज दात की बियर?" माणूस आतून खचला. साठी जवळ आली होती, साठीला शेतावर वालाच्या शेंगांची पोपटी लावून सगळ्यांना आपल्या हातची बियर पाजायचं त्यांचं स्वप्न होतं, आणि आता एकाच खेपेला पुरेल एवढं माल्ट उरलं होतं. मुलगा वर्षभर येणार नव्हता.

मला हे कळलं ते कुंपणावरून. डॉक्टर दुसऱ्या खेपेची बियर आंब्याच्या बुंध्याशी ओतत होते आणि नाट्यगीत म्हणत नव्हते. मी म्हटलं, "डॉक्टर, थोडी वासाला द्या." त्यांनी वाटी पुढे केली. मी वास घेतला आणि मला एकदम आमची कॉलेजची लॅब दिसली. फिनॉलची बाटली. फिनॉल आणि क्लोरीन एकत्र आले की असा वास मारतो, हे मी परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मला पूर्ण मार्क मिळाले होते.

"तुमच्या हाताचा वास नाही हा," मी म्हटलं. "पाण्याचा आहे. नळाच्या पाण्यात टीसीएलचा क्लोरीन असतो. कोमट पाण्यात माल्ट भिजलं की त्यातल्या फिनॉलसारख्या द्रव्यांना तो चिकटतो. एकदा चिकटला की कितीही उकळा, जात नाही."

डॉक्टरांनी कुंपणाची तार घट्ट धरली. "माझ्या हाताचा नाही?"

"नाही."

"हे तू लिहून देशील? वकिलाला दाखवायला?"

मी म्हटलं, लिहून कशाला, करूनच दाखवते. तेव्हा माझी जीभ अशीच पुढे धावायची. अजून धावते. डॉक्टर म्हणाले, "साठीला माझा एक मित्र येणार आहे, रसायनीला केमिस्ट आहे. देसाई. पाण्यातलं त्याला सगळं कळतं. त्याला जर ही बियर पसंत पडली..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते आवळलेले ओठ आले. हात येतो का, डोळा येतो का. मी मनात म्हटलं, साहेब, दाखवते.

कामाला लागले. आधी पाणी निवडायचं. डॉक्टरांच्या शेतात बोअर होतं. त्याच्या पाण्यात क्लोरीन नाही, मग तेच घ्यावं. पण त्या पाण्यानं साबणाला फेस येईना, कपड्यावर नुसता चिकट साका बसायचा. पाणी जड. शिवाय त्याचा चहा केला तर चहा काळा पडायचा, म्हणजे लोहसुद्धा भरपूर. आई म्हणाली, "हा चहा हाय का शाई?" म्हणजे बोअर बाद. नळाचं पाणी नदीचं, हलकं, चिमूटभर साबणाला पेलाभर फेस. डॉक्टरांच्या मुलानं पत्रात लिहिलं होतं की फिक्या सोनेरी बियरला असंच हलकं पाणी लागतं. ऐकून मला इतका अभिमान वाटला, जसं काही ती नदी आमच्या घरचीच. फक्त त्यातला क्लोरीन काढायचा होता.

क्लोरीन आहे की नाही हे बघायची पेटी ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे असायची. काचेची एक छोटी नळी, एक औषधाची बाटली आणि फिक्या पिवळ्यापासून गडद पिवळ्यापर्यंत रंगांची पट्टी. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरं, म्हणजे बिनरंगी राहिलं तर नाही. शिपायाला ती पेटी वापरायची कधी गरजच पडत नव्हती. त्यानं खुशीनं दिली. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," म्हणाला, "साहेब आले की सांगेन वापरात हाय." नळाचं ताजं पाणी घेतलं, थेंब टाकले. पिवळं. मी टाळी वाजवली. बोअरचं घेतलं. पांढरं. पुन्हा टाळी. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "येवढं शिकून टाळ्या वाजवायच्या हुत्या तर भजनी मंडळ हुतं की."

डॉक्टरांच्या शेडला नळ नव्हता, म्हणून पाणी आधीच्या खेपांसारखं आमच्याच दारातून न्यायचं होतं. पडवीत निळा ड्रम ठेवला, स्वच्छ घासून, नळानं भरून, झाकण काढून. उघडं पाणी ठेवलं की क्लोरीन आपोआप उडून जातो. रात्रभर पुरतं, फार तर दुसरा दिवस. एवढं पाणी आधी एकदा आणि मग बियर करताना पुन्हा उकळायला ना आमच्याकडे सरपण होतं, ना डॉक्टरांकडे तेवढा गॅस. पण उकळायची गरजच काय? निसर्गच काम करणार. मी निवांत झोपले.

सकाळी नळी भरली, थेंब टाकले. पिवळं.

ठीक आहे, थंडीचे दिवस आहेत, वेळ लागत असेल. दुसऱ्या सकाळी पुन्हा. पिवळं. मी ड्रम उन्हात सरकवला. बाबांनी आणि मी मिळून, ढकलत. काठीनं ढवळलं. एका बादलीतून दुसऱ्या बादलीत उंचावरून ओतलं, चहावाला ओततो तसं. संध्याकाळी बघितलं तर रंग फिका झाला होता. मी नाचले, अक्षरशः अंगणात नाचले, कोंबड्या पळाल्या. सकाळी बघितलं. पिवळं! आदल्या दिवसापेक्षा गडद! मी ड्रम बदलला. नळी आम्लानं धुतली. बोअरच्या पाण्याची पुन्हा परीक्षा केली, ती पांढरीच. म्हणजे औषध बरोबर, नळी बरोबर, माझा हात बरोबर. मग पाण्यात रात्री क्लोरीन येतो कुठून? जगातलं सगळं रसायनशास्त्र एकीकडे आणि आमच्या पडवीतला ड्रम एकीकडे. मला वाटायला लागलं की मला डिग्री चुकून दिली. बाबा कामावरून आले की विचारायचे, "काय, आज पानी तुझं ऐकलं का?" नि स्वतःच हसायचे, पण हसताना माझ्याकडे बघायचे आणि मग पेणचा विषय काढायचे नाहीत, हे मला जास्त लागायचं.

सगळ्यात जास्त काळजी आत्याला. ती माझ्यामागे भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन फिरायची. "खा गं. त्या पाण्यानं तुजा जीव घेतलाय. काय हाय तरी काय त्यात?"

"काहीतरी आहे आत्या, आणि ते जातच नाहीये."

"वाईट हाय का ते?"

"फार वाईट."

आत्यानं मान हलवली. "बरं," म्हणाली. "व्हईल बरं. तू नको काळजी करूस."

साठी आली होती जवळ. बियर मुरायला वेळ लागतो, म्हणजे आता केलीच पाहिजे. मी डॉक्टरांना काय सांगू? त्यातच आत्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मी तिला घेऊन कर्जतला डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. आत्या खुर्चीत आडवी, तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी कनवटी धरलेली. डॉक्टर हिरड्या बघत होते आणि मला विचारत होते, "पाण्याचं काय?" मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत राहिले. त्यांनी आरसा बाजूला ठेवला, कपाटातून पांढऱ्या गोळ्यांची मोठी बरणी काढली. "आत्याबाई, ही व्हिटॅमिन सी. रोज एक चघळायची. लिंबूही खायचं."

व्हिटॅमिन सी. लिंबू.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आम्ही लिंबाच्या रसातलं व्हिटॅमिन सी मोजलं होतं. स्टार्च घातलेल्या आयोडीनचा काळा निळा रंग, त्यात रस टाकला की रंग गडप. व्हिटॅमिन सी आयोडीनला खातं. आणि मूलद्रव्यांच्या तक्त्यात आयोडीनच्याच उभ्या रांगेत, वरती, थोरला भाऊ कोण बसलाय? क्लोरीन! जे धाकट्याला खातं ते थोरल्याला सोडेल का? मी बरणी हिसकावूनच घेतली. "डॉक्टर, ही मला द्या!"

"तुझ्या पण हिरड्या?"

"पाण्याच्या हिरड्या!" मी ओरडले. बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. आत्या तोंड उघडं ठेवूनच म्हणाली, "आँ?"

त्याच दिवशी शेडमध्ये. ड्रम हातगाडीवरून आणला, शेडमध्ये पाणी तपासलं, अर्थातच पिवळं. आईचा खलबत्ता आणला होता, त्यात गोळ्या कुटल्या, आधी बादलीभर पाण्यात चिमूट टाकून ढवळली. नळी भरली. थेंब टाकले. डॉक्टर श्वास रोखून बघत होते. पांढरं. काचेसारखं. मी पुन्हा थेंब टाकले. पांढरंच! डॉक्टरांनी माझा हात धरून शेडमध्ये गरागरा फिरवलं, साठीला आलेला माणूस, आणि मग भसाड्या आवाजात तेच बंद पडलेलं नाट्यगीत सुरू केलं. मग आम्ही ड्रमभर पाण्याला हिशेबानं पूड घातली, पुन्हा तपासलं आणि लगेच कोमट करून माल्ट भिजवलं. शेडमध्ये असा वास सुटला म्हणून सांगू, भाजलेल्या धान्याचा, नाचणीच्या सत्त्वासारखा, गोड. हॉप्सची फुलं पडली तशी त्यात कडवट हिरवी झाक आली. आज कर्जतच्या बाजूला दर दुसऱ्या रिसॉर्टमध्ये चकचकीत नळातून बियर ओततात, मी मुलांबरोबर जाते, पिते, पण तो वास मला परत मिळालेला नाही.

मग यीस्ट टाकून मोठ्या बरणीला बूच लावलं. बुचातून एक नळी पाण्याच्या बाटलीत सोडलेली. दुसऱ्या दिवसापासून त्या नळीतून बुडबुडे यायला लागले. बुडूक. बुडूक. थांबून पुन्हा, बुडूक. मी आणि डॉक्टर समोर बसून ऐकायचो. बाबा एकदा येऊन ऐकून गेले. म्हणाले, "जित्ती हाय."

साठीच्या दिवशी शेतावर पोपटी लागली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगते, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून परत पाला, आणि मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. आई आणि आत्या मडकी भरायला आल्या होत्या. संध्याकाळी मंडळी जमली. वकील आले, त्यांनी येतानाच बरोबर टूथब्रश आणला होता, बियर घेताना खिशातून काढायचा म्हणून. आणि देसाई साहेब आले. मला बघून त्यांनी ओळखलं नाही. मी शेंगा निवडत बसले.

डॉक्टरांनी ग्लास भरले. आधी वकिलांनी घेतला. घोट घेतला. टूथब्रश खिशात परत ठेवला. मोठा घोट घेतला. "जोग्या," ते म्हणाले, "ही तू केलीस?" त्यानंतर नुसता कल्ला. डॉक्टर प्रत्येकाला हात पुढे करून सांगत होते, "वास घ्या! घ्या की! माझा नव्हताच तो!"

देसाई साहेबांनी मात्र ग्लास उजेडाकडे धरला, वास घेतला, थोडंसं जिभेवर ठेवलं. "पाणी कोणी बघितलं?"

डॉक्टरांनी मला हाक मारली. साहेबांनी आता ओळखलं. मी सगळं सांगितलं, साबण, काळा चहा, पिवळा रंग, गोळ्या. ते ऐकत होते. मग म्हणाले, "गोळ्या कशाला? पाणी उघडं ठेवलं की क्लोरीन उडतो."

"उडाला नाही, सर."

"उडतोच."

"उडायला पाहिजे. पण उडाला नाही."

बाबा मागून माझ्या ओढणीचं टोक ओढत होते. "साह्यबांना उलटं नको बोलूस गं," ते हळूच म्हणाले.

"का उडाला नाही?" साहेबांनी विचारलं.

शेकोटीत पाला तडतडत होता. मला एक सोपी पळवाट दिसत होती, म्हणायचं, थंडी होती सर, माझं चुकलं असेल सर. मग ते खूश झाले असते. मी म्हटलं, "का ते मला माहीत नाही."

"मग मोजण्यात चूक असेल."

"मोजण्यात चूक नाही, सर. दर वेळी नळी धुतली. दर वेळी बाजूला बोअरचं पाणी तपासलं, ते पांढरंच राहायचं. हे पिवळं व्हायचं. संध्याकाळी फिकं, सकाळी गडद. कारण मला सांगता येत नाही. पण रंग पिवळाच होता. तुम्ही शंभर वेळा विचारलंत तरी मी पिवळाच सांगेन."

ओठ आणखी आवळले गेले. मी मनातल्या मनात पेणला जाऊन पोचले.

तेवढ्यात मडक्याजवळून आत्या बोलली. मांडीवर शेंगांचं सूप, मान वर न करता. "पिवळा कसला गं? पान्याला कायबी रंग नव्हता. मी रोज बघून मगच औषध टाकत हुते."

मी वळले. "कसलं औषध?"

"कसलं म्हंजे? नर्सबाईचं."

"ड्रममध्ये?"

"मग! पानी घरात ऱ्हायलं की औषध टाकायचं. तू येडी, झाकणबी ठेवत नव्हतीस. पाल पडली म्हंजे? तू झोपलीस की मी फडकं बांधायचे नि औषध टाकायचे. तू उठायच्या आत फडकं काढायचे, तू रागवशील म्हनून. नि मग तूच बोललीस, पान्यात कायतरी वाईट हाय नि ते जात नाय. मग मी हात सैल सोडला. चांगलं चमचाभर टाकायला लागले." आत्यानं आता मान वर केली. "गेलं नव्हं शेवटी?"

नर्सबाईच्या बाटलीत दुसरं काय असणार, क्लोरीनच! आणि मग एक विचित्र आवाज आला. देसाई साहेब हसत होते. तो माणूस हसू शकतो हे डॉक्टरांनाही माहीत नसावं. ते हसत खाली बसले, चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा आत्याकडे बघितलं आणि पुन्हा सुरू झाले. मग डॉक्टर, मग वकील, बाबा, आई पदर तोंडाला लावून, आणि मी तर शेंगांच्या ढिगात आडवीच झाले. आत्या सगळ्यांकडे बघत होती. "आता ह्याच्यात काय हाय हसण्यासारखं?"

हसू ओसरल्यावर साहेब डॉक्टरांना म्हणाले, "जोगळेकर, हिला मी परत पाठवलं होतं. अनुभव नाही म्हणून. माझ्या लॅबमध्ये अनुभवी माणसं आहेत, साहेबाला जो रंग हवा तो त्यांना दिसतो." मग माझ्याकडे वळले. "सोमवारी ये. सकाळच्या पाळीला."

बाबांनी माझी ओढणी सोडली. उठले आणि उगाचच जाळात पेंढा टाकायला लागले, मडकं केव्हाच शिजून झालं होतं तरी.

पुढे किती वर्षं त्या लॅबमध्ये गेली आणि शेवटी मी देसाई साहेबांच्याच खुर्चीत कशी बसले, ती गोष्ट निराळी. इथे फक्त त्या संध्याकाळचं उरलेलं सांगते. आत्या माझ्याशेजारी येऊन बसली आणि कानात म्हणाली, "ह्या पान्यापायी येवढं रामायण झालं, ती बियर लागते तरी कशी?" मी माझ्या ग्लासात वाटीभर उरली होती ती तिला दिली. तिनं इकडेतिकडे बघितलं, पदर पुढे घेतला, घोट घेतला. सगळे थांबून बघत होते, अगदी देसाई साहेबसुद्धा. आत्यानं तोंड वाकडं केलं. आमच्याकडचे पाहुणे करायचे तसंच.

"कडू हाय," ती म्हणाली. "नि पानी कच्चं लागतंय." आणि तिचा हात कनवटीकडे गेला.

देसाई साहेबांनी सगळ्यात आधी आपल्या ग्लासवर पंजा ठेवला.